कंसातलं नाव

माझ्या धाकट्या भावाला जामीन मंजूर झाला त्या दिवशी मी तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, कालवण केलं, सोलकढी केली आणि शेजारणीला सांगूनही टाकलं, आमचा सुटला म्हणून. दुपारी कोर्टातून भावजयीचा फोन आला होता. ती रडत होती आणि तिच्यामागून कुणीतरी "मंजूर झाला, मंजूर झाला" म्हणत होतं. मला तेवढं पुरलं. गिऱ्हाइकाचा ब्लाउज एका बाहीवर तसाच ठेवून मी मशीन झाकलं आणि मासळीबाजार गाठला. रत्नागिरीत माझ्या घरापासून जेल चालत पंधरा मिनिटांवर आहे. दार उघडलं की तो आधी इकडेच येणार, दोन घास खाणार आणि मग गावाची एसटी पकडणार, असं सगळं मी मनात ठरवून टाकलं होतं.

दिवे लागले तरी तो आला नाही. मी जेलच्या फाटकापर्यंत जाऊन आले. तिथल्या शिपायाने सांगितलं की या नावाच्या माणसाचा कसलाही कागद आलेला नाही. मग मी वकीलबाईंना फोन लावला. आमच्या वकीलबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, तालुक्याच्या कोर्टात काम करणाऱ्या. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर चिडताही येत नाही.

"काकू, जामीन मंजूर झालाय. सुटला कुठे?" त्या म्हणाल्या.

"दोन्ही एकच ना?"

"नाही. साहेबांनी एवढंच सांगितलंय की याला सोडायला हरकत नाही. पण हा तारखेला हजर राहील, पळणार नाही, याची हमी घेणारा माणूस आणा म्हणालेत. तो जामीनदार कोर्टात उभा राहिला, त्याचे कागद पटले, की मग सुटका."

"आणि तोवर?"

"तोवर आतच."

मग मंजूर कशाला म्हणायचं, असं मी त्यांना तावातावाने विचारलं. ते कालवण मी एकटीनेच खाल्लं. नवरा बोटीवर, मुलगी नोकरीला पुण्याला, आणि ज्याच्यासाठी केलं तो पंधरा मिनिटांवर भिंतीच्या आत.

मुळात झालं काय, ते सांगायला हवं. माझं माहेर संगमेश्वरहून आत अर्ध्या तासावर. घर, थोडी भातशेती, आणि वरच्या कातळाला लागून हापूसची कलमं. आम्ही तिघं भावंडं. ताई सगळ्यांत मोठी, मी मधली, आणि हा शेंडेफळ. वडील गेल्यापासून शेत आणि बाग तोच बघतो. एप्रिल संपता संपता तो आंबे उतरवत होता आणि वाडीतलाच एक शेजारी गडग्यापलीकडून त्याला काहीतरी बोलला. गडगा म्हणजे दोन जमिनींच्या मधली दगड रचून केलेली बुटकी भिंत. आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण विसरलं तर माणसं एकवेळ गप्प बसतील, पण गडग्याचा एक दगड इकडचा तिकडे झाला तर तीन पिढ्यांचं काढतील. शब्दाने शब्द वाढला. भावाच्या हातात झेला होता, आंबे उतरवायचा, लांब बांबूच्या टोकाला जाळी लावलेला. तो त्याने फिरवला. शेजाऱ्याचा हात मनगटाच्या वर दोन ठिकाणी मोडला.

त्याने मारलं ते चूकच. मी त्याची बहीण आहे म्हणून मोडलेला हात सांधला जात नाही. त्या शेजाऱ्याबरोबर आम्ही लहानपणी एकाच ओढ्यावर खेकडे पकडलेत. त्याच्या आईला मी आजही काकी म्हणते, आणि त्या प्रकारानंतर काकीच्या दारावरून जायची माझी हिंमत झालेली नाही.

पोलिसांनी गुन्हा लावला तो हत्याराने गंभीर दुखापत केल्याचा. झेल्याला हत्यार म्हणतात हे आम्हाला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टापुढे उभं केलं. दोन दिवस पोलीस कोठडी मिळाली, कारण हत्यार जप्त करायचं होतं. हत्यार तर आमच्या पडवीत भिंतीला टेकून उभं होतं. त्यानंतर न्यायालयीन कोठडी, म्हणजे रत्नागिरीचं जेल. मग जामिनाचा अर्ज, त्यावर पोलिसांचं म्हणणं, सरकारी वकिलांचं म्हणणं. जखमी माणूस त्याच वाडीतला, हा बाहेर आला तर त्याला दमदाटी करील, असं त्या म्हणण्यात होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते अगदीच खोटं वाटलं नाही. साहेबांनी सगळं ऐकून आठवड्याच्या आत जामीन दिला. अटी घातल्या. आरोपपत्र येईपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही, बहिणीकडे रत्नागिरीत राहायचं, दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी लावायची. आणि एक सक्षम जामीनदार.

रोख रक्कम भरून घ्या आणि सोडा, असा अर्ज वकीलबाईंनी करून पाहिला. तो नामंजूर झाला. दोन्ही घरं एकमेकांना लागून आहेत, तेव्हा आरोपीला ओळखणारं, त्याला धरून आणू शकेल असं माणूस हवं, असं साहेबांचं म्हणणं पडलं.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "मी उभी राहते. सख्खी बहीण आहे, ओळखते त्याला जन्मापासून."

वकीलबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "तुमच्या नावावर काय आहे काकू?"

पन्नाशी ओलांडली, पण हा प्रश्न मला आजवर कुणी विचारलेला नव्हता. घर नवऱ्याच्या नावावर. नवरा समुद्रात, चार महिने जमिनीला पाय लागायचे नाहीत त्याचे. पगारी नोकरी नाही. अर्ध्या गल्लीचे ब्लाउज मी शिवते, पण त्याचा दाखला कोर्टात चालत नाही. तरी मी डगमगले नाही. म्हटलं, माहेरच्या सातबाऱ्यावर असेल की माझं नाव. वडिलांच्या मागे आम्हा तिघांची नावं लागली होती. मी हक्क सोडून दिला होता ते मला आठवत होतं, पण हक्क सोडला म्हणजे नाव थोडंच सोडलं, असं माझं डोकं चालत होतं.

त्यांनी समोरच्या सेवा केंद्रातून सातबारा छापून आणला. कागदावर बोट फिरवत त्या थांबल्या.

"हे तुमचंच नाव ना, माहेरचं?"

"होय की," मी म्हटलं. मला बरं वाटलं. वडिलांच्या नावाखाली माझं नाव, नीट छापलेलं.

"ते कंसात आहे काकू."

"म्हणजे?"

"म्हणजे आधी होतं. आता नाही."

मी तो कागद हातात घेऊन बघत राहिले. दोन बाजूंना दोन कंस आणि मध्ये मी. खोडलं असतं तर इतकं लागलं नसतं.

ते कंस मीच घालून घेतले होते. वडील गेल्यावर वर्षश्राद्ध झालं आणि भावाने विषय काढला. आमच्याकडे रीतच आहे. बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही करून द्यायची, भावाने साडी घ्यायची, ओटी भरायची, गोडाचं जेवण करायचं. माहेरचं दार उघडं राहतं, असं सगळ्या म्हणतात. मी तर हसत हसत सही केली. रजिस्ट्रारच्या ऑफिसात अंगठा टेकवताना शाई साडीला लागली म्हणून भावाशी मस्करीसुद्धा केली. त्याने घेतलेली मोरपंखी साडी मी वर्षभर प्रत्येक कार्याला नेसले आणि विचारलं नाही त्यांनाही सांगितलं, भावाने घेतलीय.

ताईने सही केली नाही. तिचा नवरा लवकर गेला होता आणि सासरच्यांनी तिला वर्षाच्या आत वेगळं काढलं होतं. मूलबाळ नाही. सावर्ड्याच्या बाजारात भाड्याच्या दोन खोल्यांत राहून ती लोकांना जेवणाचे डबे करून द्यायची. ती एवढंच म्हणाली, "मला वाटा नको, पण पाय टेकायला एक तुकडा माझ्या नावाचा पाहिजे." भाऊ म्हणाला, "सही कर, घर तुझंच हाय." ती म्हणाली, "माझंच असेल तर लिहून दे." ते त्याला लागलं. सगळ्या वाडीला लागलं. ताई तहसीलदारांकडे गेली, मोजणी आणली, दोन वर्षं हेलपाटे घातले आणि कातळाच्या कडेचा एक अरुंद पट्टा वेगळा करून घेतला. त्यात तीन काजू आणि हापूसचं एक जुनं कलम. भावाने त्या दिवसापासून तिचं नाव घेणं टाकलं.

आणि मी? मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. तरी मी फोन करून तिला म्हटलं, "त्या कातळात काय स्वतःला गाडून घेणार आहेस?" तिने फोन ठेवला नाही, मीच ठेवला. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो.

जामीनदार शोधण्यात पुढचे चार दिवस गेले. भावजयीच्या नावावर तिच्या मंगळसूत्राशिवाय काही नव्हतं. वाडीतली माणसं भेटली की हळहळायची, पण फिर्यादीही वाडीतलाच, मग उघड बाजू कोण घेणार? एक चुलतभाऊ मुंबईहून आला, मनापासून तयार झाला, आणि त्याचा सातबारा बघितला तर त्यावर तीसेक नावं. सगळ्यांत वर आमचे चुलत आजोबा, ज्यांना मी पाहिलेलंही नाही. खाली कुणी मुंबईत, कुणी सुरतेत, कुणी देवाघरी. "यातली तुमची जमीन कुठली?" वकीलबाईंनी विचारलं. तो म्हणाला, "सगळीच." त्या म्हणाल्या, "कोर्टाला एकच दाखवा." तो बिचारा कागद उलटा करून मागे काही आहे का बघू लागला.

आणखी एकजण हो म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन बंद. कोर्टाच्या आवारात एक सफारीवाला माझ्याशी फार गोड बोलायला लागला, "ताई, माणूस पाहिजे का उभा करायला? कागद तयार आहेत." वकीलबाईंनी नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि तो चहाच्या टपरीकडे वळला. भावजय रोज संध्याकाळी मला फोन करायची आणि एकच विचारायची, "वन्सं, मिळालं का कोन?" मी तिच्यावर ओरडायचे. तिचा काही दोष नव्हता, पण ओरडायला दुसरं कोणी नव्हतं.

चौथ्या दिवशी वकीलबाई फिर्यादीची प्रत चाळत होत्या. भांडण झालं त्या जागेचा गट नंबर तिथे लिहिला होता. त्यांनी तो आमच्या सातबाऱ्याशी ताडून पाहिला आणि म्हणाल्या, "ही जागा तुमच्या भावाच्या सातबाऱ्यात नाही. कुणाची आहे?" त्यांनी तो नंबर घालून उतारा काढून आणला. एकच नाव होतं त्यावर. ना कंस, ना वाटेकरी. ताईचं.

"काकू, असा सातबारा मी महिन्यात एखादाच बघते," त्या म्हणाल्या. "या कोण?"

मी सांगितलं. मग त्यांनी मला फिर्यादीतली दोन वाक्यं वाचून दाखवली. शेजाऱ्याने लिहून दिलं होतं की, मी आरोपीस म्हणालो, बहिणीच्या कलमावरचे आंबे गुपचूप उतरवून नेतोस आणि मला गडग्याची अक्कल शिकवतोस काय. त्यावर आरोपीने चिडून हातातील बांबू मारला.

म्हणजे गडगा निमित्ताला. तो चिडला होता कारण शेजारी खरं बोलला होता. अकरा वर्षं ताईच्या कलमाचे आंबे तो आपल्या पेट्यांत भरत होता. आणि मी दर मे महिन्यात त्याने पाठवलेले आंबे मिटक्या मारत खात होते. त्यांतले तिच्या कलमाचे किती, माझं मलाच ठाऊक नाही.

त्याच दिवशी मी जेलमध्ये मुलाखतीला गेले. काचेच्या पलीकडे तो बसला होता, दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण तुटलेलं. माझी नजर बटणावरच जाते, धंदाच तो. आतल्या फोनवरून मी त्याला ताईचं सांगितलं.

"कोन पन आन," तो म्हणाला. "ती नको."

"दुसरं कोणी मिळत नाय रे."

"तिच्या उपकारावर मी भायेर येनार नाय. मग जन्मभर ऐकवील."

"जन्मभर? अकरा वर्षं तिने तोंड तरी उघडलंय का तुझ्याशी? आणि तिच्या कलमाचे आंबे काढताना उपकार नव्हता तो?"

त्याने मान खाली घातली. मला वाटलं, रडतोय. पण तो म्हणाला, "ते कलम मी लावलंय बापाशीबरोबर. पानी मी घातलंय. कागदावर कुनाचं पन असूंदे." मग त्याने विचारलं, "आंबे गळायला लागले काय गो?"

मी रिसीव्हर ठेवला आणि बाहेर आले. सांगते, त्या क्षणी मला वाटलं की राहू दे याला आतच. मग फाटकाबाहेरच्या बाकावर बसले आणि ते तुटलेलं बटण पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सावर्ड्याला गेले. बाजारामागच्या गल्लीत दोनदा विचारावं लागलं. तिने दार उघडलं आणि मी पहिल्यांदा तिला ओळखलंच नाही. केस सगळे पांढरे झालेले, चष्मा लागलेला, उजवा गुडघा धरून चालत होती. माझ्या मनात ताईचे केस काळेच होते.

"ये," ती म्हणाली. एवढंच.

कट्ट्यावर पंधराएक डबे ओळीने उघडे होते. ती भाजी वाढत होती. मी पाणी प्यायले आणि सगळं सांगितलं. फिर्यादीत काय लिहिलंय तेवढं सोडून. ते सांगायची माझी छाती झाली नाही. जामीनदार हवा, तुझा सातबारा चालेल, असं मी सांगून टाकलं आणि डब्यांकडे बघत बसले.

"कागद आणलास?" तिने विचारलं.

"कुठला?"

"केसचा. सही करायची तर वाचून करीन. सह्यांचं मला शिकवू नकोस."

मी पिशवीतून प्रत काढून दिली. तिने हात पुसले, चष्मा नीट केला आणि खिडकीशी उभी राहून वाचलं. एक पान झालं, दुसरं झालं. ती वाक्यं दुसऱ्या पानावर होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"माझ्या कलमाचे," ती म्हणाली.

"व्हय."

"धरतो अजून चांगला?"

"धरतो म्हणे."

"अकरा वर्षांत एक आंबा चाखला नाय मी त्याचा." तिने कागदाची नीट घडी घातली. "मला वाटायचं, गळून मातीत जात असतील. वाईट वाटायचं. बरं झालं, कुणीतरी खाल्ले."

ती रागाने बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. पण ती खरंच तसंच म्हणत होती. मग तिने एक एक डबा बंद केला, सगळे पिशव्यांत भरले आणि विचारलं, "कोर्टात कधी यायचंय? डब्यांचं सांगून ठेवायला हवं."

दुसऱ्याच दिवशी आम्ही कोर्टात गेलो. सातबारा, आधार, रेशनकार्ड, दोन फोटो. फोटोत तिने कुंकू लावलं नव्हतं आणि मान ताठ होती. जामीनदाराचं प्रतिज्ञापत्र तयार झालं. खाली ओळख देणाऱ्याच्या सहीची जागा होती. वकीलबाई म्हणाल्या, "मी करू शकते, पण सख्खी बहीण समोर आहे तर तुम्हीच करा काकू."

मी पेन घेतलं. छापलेलं होतं, 'मी जामीनदारास व्यक्तिशः ओळखते.' तिला चष्मा कधी लागला मला माहीत नव्हतं. गुडघ्याला काय झालं माहीत नव्हतं. पहिल्या पावसात तिच्या खोल्या गळतात की नाही, आजारी पडली तर डबे कोण करतं, काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

"कर ना सही," ताई म्हणाली. "थांबलीस कशाला? पेन चालत नाय?"

मी सही केली. शिवण सरळ घालणारा माझा हात, पण ती सही वाकडी आली.

मग साहेबांपुढे. ताईला शपथ दिली. साहेबांनी फाइलमधून वर बघितलं. त्यांनी फिर्याद वाचलेली असणार, कारण त्यांनी सातबाऱ्याचा कागद दोनदा बघितला.

"आरोपी तुमचा कोण?"

"भाऊ. धाकटा."

"आधी कुणाला जामीन राहिलायत?"

"नाही साहेब."

"बाई, घटना घडली ती जागा तुमचीच आहे, हे माहीत आहे?"

"होय. वाचलंय मी."

"तो तारखांना आला नाही, पळून गेला, तर वसुली तुमच्यावर येईल. या जमिनीवर येईल. समजून सही करताय ना?"

"समजून करतेय साहेब," ताई म्हणाली. "तो पळायचा नाही. त्याला ती जमीन सोडवत नाही, म्हणून तर इथवर आलाय."

कारकुनाने हसू दाबलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी क्षणभर ताईकडे बघितलं आणि शिक्क्यासाठी कागद पुढे सरकवला.

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, माझ्याबरोबर रत्नागिरीला चल, संध्याकाळी तो सुटेल. ती म्हणाली, "माझे संध्याकाळचे डबे आहेत." एसटी आली आणि ती खिडकीशी बसून निघून गेली. जाताना तिने हात केला नाही, पण ती बस वळेपर्यंत माझ्याकडे बघत होती.

तो सुटला संध्याकाळी, जेल बंद व्हायच्या थोडं आधी. लहान दारातून वाकून बाहेर आला. हातात प्लॅस्टिकची पिशवी. पंधरा मिनिटांची ती वाट आम्ही चालत आलो. घरी त्याने आंघोळ केली, मी शर्टाला बटण लावून दिलं. जेवायला बसलो. तिसऱ्या मिळाल्या नव्हत्या, वरणभात आणि सुकं बांगड्याचं होतं.

दोन घास झाल्यावर त्याने विचारलं, "शेवटी तीच राहिली ना उभी?"

"तीच."

"काय मागितलंन?"

"काही नाही."

"असं कसं? कलम? तिथं जायला रस्ता? काहीतरी मागितलं असंल."

"काही नाही मागितलं रे. कोर्टात कधी यायचं, तेवढं विचारलंन."

तो ताटातला भात चिवडत राहिला. मग माझ्याकडे बघून, अगदी मायेने म्हणाला, "तुझं तसं नाय हां. तू शहानी. तू कधी कागद बघितला नाय, सरळ सही करून दिलीस."

तो मला मान देत होता. हे असं बोलणं मी अकरा वर्षं त्याच्याकडून ऐकत आले होते, आणि दर वेळी मला ते गोड लागलं होतं.

"दिली ना," मी म्हटलं. "म्हणूनच तू आत बसलेला असताना माझा तुला काही उपयोग झाला नाही."

माझा आवाज चढलेला नव्हता, तरी बाजूच्या खिडकीतून शेजारणीने डोकावून बघितलं. त्याने ताट पुढे सरकवलं, मोरीवर हात धुतले. मग येऊन म्हणाला, "तिचा नंबर हाय तुझ्याकडे?"

त्याचा फोन अजून पोलिसांकडे होता. मी नंबर सांगितला. दुसरा कागद जवळ नव्हता म्हणून त्याने तो जामिनाच्या आदेशाच्या प्रतीमागे लिहून घेतला, माझ्याच पेनाने, एकेक आकडा मला पुन्हा विचारून.

ती प्रत तो खिशात घेऊन फिरतो. दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी लावायला जाताना काढून बघतो. गावात जायची बंदी अजून उठलेली नाही, आणि त्या कलमाचे या वर्षीचे आंबे कुणी उतरवले ते मला माहीत नाही. फोन लावलास का, असं मी त्याला विचारलेलं नाही. ताई आता मला फोन करते, अधूनमधून. ती त्याचं नाव काढत नाही. फक्त फोन ठेवताना विचारते, "पुढची तारीख कधी आहे गो?"